साडेचारची पोई: मुलांच्या संध्याकाळच्या भुकेसाठी पोदेराची सेवा कशी आहे

गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या वाड्यावर संध्याकाळी साडेचारच्या सुमारास पोदेर, म्हणजे दारोदार पाव विकणारा बेकरीवाला, येतो. सायकलच्या मागे बांबूची टोपली, तिच्यावर निळं प्लास्टिक आणि हँडलला रबरी भोंगा. शाळेतून आलेल्या मुलांना काय खायला द्यावं, असं शेजारच्या तरुण आया मला विचारतात तेव्हा माझं उत्तर ठरलेलं असतं: पोदेराकडून पोई, म्हणजे कोंडा लावलेली भट्टीतली पोकळ रोटी, घ्या, आत काय भरायचं ते मग बघू. हे उत्तर कारणांसकट एकदा नीट मांडावं म्हणून लिहितोय.

मी कदंब महामंडळात, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेत, कंडक्टर होतो. निवृत्त झाल्यापासून घरची दुपार माझ्या ताब्यात आहे. मुलगा आणि सून दोघंही वेर्ण्याला कामाला, परतायला सात वाजतात. नातू सहावीत, नात दुसरीत. त्यांचं संध्याकाळचं खाणं मी करतो आणि मनापासून करतो.

गोव्यातल्या बऱ्याच शाळा दुपारी एक-दीडच्या दरम्यान सुटतात. मुलं जेवायच्या वेळेला घरी येतात म्हणजे खाण्याचा प्रश्नच नाही, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात नात शाळेतला माध्यान्ह आहार खाऊन आलेली असते आणि नातू उन्हातून आलेला. भात-हुमण (माशाची आमटी) पुढे ठेवलं तरी दोन घास खाऊन दोघं उठतात. खरी भूक साडेचारला लागते, ट्यूशनला किंवा मैदानावर जायच्या अगोदर. त्या वेळी घरात काही तयार नसेल तर मुलं कोपऱ्यावरच्या दुकानाकडे धावणारच. पोदेराची संध्याकाळची फेरी नेमकी याच वेळची. त्याच्या सेवेचं मोठं मोल मला यात वाटतं, भुकेच्या वेळेला ताजं खाणं दारात हजर असतं. जन्मभर वेळापत्रकावर चाललेल्या माणसाला त्याची किंमत चांगली कळते.

आता पोई. हाताच्या पंज्याएवढी, गोल, चपटी, वरून कोंडा भुरभुरलेला. ताजी असली की कडेला अंगठा घालताच उघडते, आतली वाफ बोटांना लागते आणि आंबवलेल्या पिठाचा हलका आंबूस वास येतो. पूर्वी पीठ माडाच्या सुरेने, म्हणजे ताडीने, आंबवत, आता बहुतेक भट्ट्यांत यीस्ट वापरतात. जुनी माणसं म्हणतात, सुरेची चव गेली. खरं असेल, पण मुलांच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की पोईत कणीक आणि कोंडा असतो, तूप-तेल जवळजवळ नसतंच आणि बेकरीतल्या बनासारखी ती गोड नसते. कोंड्यामुळे चावायला वेळ लागतो, पोट भरतं आणि सकाळी पोट साफ होतं. नातवाला पोट साफ न होण्याचा त्रास होता, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

मात्र पोई म्हणून विकली जाणारी प्रत्येक वस्तू पोई नसते. मैद्याचा गोळा नुसता कोंड्यात घोळवला की वरून तो तसाच दिसतो. फाडून बघा. आतला भाग तपकिरी झाकेचा असला आणि त्यात कोंड्याचे कण दिसले तर घ्या. आत पांढराशुभ्र, कापसासारखा निघाला तर तो पावच, फक्त कपडे बदललेला. आमच्या पोदेराला मी सरळ विचारलं. तो म्हणाला, कणकेबरोबर थोडा मैदा घालावा लागतो, नाहीतर नीट फुगत नाही. लपवाछपवी न करता सांगितलं, हे मला आवडलं. तुम्हीही आपापल्या पोदेराला विचारा, त्यात अपमान वाटण्यासारखं काही नाही.

पोई आतून पोकळ असते, त्यामुळे जरा ओलसर भाजीही तिच्यात बसते आणि मूल ती हातात धरून अंगणात हिंडत खातं. आमच्या घरात पहिला मान आळसांद्यांचा, म्हणजे गोव्याच्या टपोऱ्या चवळीचा. पावसाळी भाताची कापणी झाली की शेतात उरलेल्या ओलीवर हे पीक घेतात. गावठी आळसांदे टपोरे आणि चवीला गोडसर असतात. बाजारात महाग पडतात, तरी मी तेच घेतो. रात्री भिजत घालायचे, सकाळी कुकरला लावायचे. सून त्यातलेच अर्धे दुपारच्या तोणकाला (भाजलेल्या मसाल्याच्या रस्साभाजीला) वापरते, उरलेले माझ्या वाट्याला. संध्याकाळी थोड्या तेलावर बारीक चिरलेला कांदा, हळद, शिजलेले आळसांदे, मीठ, गुळाचा एक खडा आणि मूठभर ओलं खोबरं. तोणकाचा भाजलेला मसाला नातीला झेपत नाही, म्हणून तो घालत नाही. पळीच्या पाठीने निम्मे दाणे कढईतच ठेचायचे. दाणे एकमेकांना धरून राहतात आणि पहिल्याच घासाला सगळं सदऱ्यावर ओघळत नाही. शेवटी लिंबू, आणि ते विसरायचं नाही. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते.

वाळलेल्या आळसांद्यांत शंभर ग्रॅममागे वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. शिवाय गव्हाच्या प्रथिनांत लायसिन कमी पडतं आणि कडधान्यांत ते भरपूर असतं, म्हणून पोई आणि आळसांदे एकत्र पोटात गेले की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. चण्याची उसळ, मोड आलेले मूग, वाटाण्याची सुकी भाजी, काहीही चालतं. दुपारची उरलेली भाजी पोईत घातली की तीच मुलं ती मागून खातात, हे मी रोज बघतो.

अंड्याचं फार सांगत नाही. संध्याकाळच्या गाड्यांवरचं रस ऑम्लेट, म्हणजे मसालेदार रश्श्यातलं ऑम्लेट, मोठ्यांना ठीक, मुलांना तो रस तिखट आणि तेलकट पडतो. घरी एका अंड्यात कांदा, कोथिंबीर आणि किसलेलं गाजर घालून जाडसर पोळा करायचा, घडी घालून पोईत सरकवायचा. पाच मिनिटांचं काम. सोमवारी आमच्याकडे शिवराक (शाकाहारी), त्या दिवशी मूग.

गोडाचा हट्ट नातीचा. तिच्यासाठी ओलं खोबरं आणि गूळ शिजवून चून करून ठेवतो, त्यात भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट मिसळतो आणि पोई तव्यावर शेकून आत भरतो. माडाचा काळा गूळ मिळाला तर वास काही वेगळाच. पण गूळ आहे म्हणून कितीही घाला, असं करू नका. गूळही शेवटी साखरच, आपण भर द्यायचा तो खोबऱ्या-दाण्यांवर. अगदी लहान मूल घरात असेल तर अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात. कधी मयडे गावची मायंडोळी केळी मिळतात, भौगोलिक मानांकन मिळालेली. एक केळं उकडून कुस्करलं की पोईत भरायला पुरतं आणि गूळही लागत नाही.

सोबत प्यायला तिजान. नाचणीचं पीठ पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत शिजवायचं, नारळाचं दूध आणि चिमूटभर मीठ घालायचं, गूळ बेताचा. नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात जेमतेम दहा. वाढत्या हाडांना यापेक्षा स्वस्त आधार मला माहीत नाही. चहात बुडवून पोई खाणं ही आम्हा मोठ्यांची जुनी सवय, पण मुलांना तिच्यापासून लांब ठेवा. चहामुळे जेवणातलं लोह कमी शोषलं जातं, म्हणजे लिंबू पिळून जे कमावलं ते कपात घालवायचं.

पाकिटांबद्दल माझं मत कडक आहे. चरबी, मीठ आणि साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत विकायला बंदी घालणारे नियम अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2020 साली काढले. तरी मी नातीला आणायला जातो तेव्हा फाटकासमोरच रंगीत पाकिटांच्या माळा लटकत असतात. दहा रुपयांचं पाकीट फोडलं की अर्धी हवा निघते. आमच्याकडे पोई दहा रुपयांच्या आत येते. दोन पोयांत दोन मुलांचं पोट रात्रीच्या जेवणापर्यंत धरून राहतं.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी म्हणजे वर्तमानपत्र. गरम पोई छापील कागदात गुंडाळून हातात देतात आणि शाई तिला लागते. खाद्यपदार्थांना वर्तमानपत्र वापरू नका, असं अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बजावलेलं आहे. मी फाटकाला सुती पिशवी अडकवून ठेवायला लागलो, आता पोदेर न सांगता तिच्यात टाकतो. दुसरी तक्रार पावसाळ्याची. जून-जुलैत फेरी कधी सहाला येते, कधी येतच नाही, आणि आलीच तर पोई दमट लागते. त्याला मी दोष देत नाही, त्या पावसात सायकल हाकणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. पण मुलांची भूक पाऊस बघत नाही, तेव्हा त्या दोन महिन्यांत घाऱ्यांचं किंवा घावनांचं पीठ हाताशी ठेवा. फेस्ताच्या (चर्चच्या उत्सवाच्या) दिवसांतही फेरी चुकते, ती मात्र तो आदल्या दिवशी सांगतो.

तिसरी गोष्ट तक्रार म्हणावी अशी नाही. संध्याकाळची पोई रात्रीपर्यंत चिवट होते, दुसऱ्या दिवशी तर दात लागत नाहीत. म्हणून लागते तेवढीच घ्या. उरलीच तर पाण्याचा हात लावून तव्यावर झाकण ठेवून दोन मिनिटं शेकायची, पुन्हा मऊ होते.

पोईला पाचपैकी साडेचार, आमच्या पोदेराच्या सेवेला चार. वर्तमानपत्र कायमचं सुटलं तर तिथेही अर्धा गुण वाढवीन. नव्याने घेणार असाल तर एवढंच ध्यानात ठेवा: टोपलीत पाव आणि उंडे (कडक गोल पाव) भरपूर असतात, पोई मोजकीच असते आणि वाड्याच्या टोकापर्यंत पोचेस्तोवर संपते. भोंगा ऐकू आला की चप्पल घालून बाहेर या, किंवा त्याला महिन्याचा आकडा सांगून ठेवा. आमचा पोदेर हिशेब महिनाअखेरीला करतो, चोख करतो.