पोलिसांनी काढून टाकलेलं ग्लॉक २२, वर्षभराच्या वापरानंतर

ह्यूस्टनजवळच्या एका दुकानातून गेल्या वर्षी मी हे पिस्तूल ३१९ डॉलरला घेतलं. एका पोलीस खात्याने दुकानाला परत दिलेलं, तिसऱ्या पिढीचं, पॉइंट फॉर्टी कॅलिबरचं, म्हणजे नाइन एमएमपेक्षा थोडी जाड गोळी. सोबत तीन मॅगझिन. त्याच काचेत नवं नाइन एमएम ग्लॉक ५४० ला होतं.

महिन्यातून दोनदा नेमबाजीच्या रेंजवर नेते. आजवर एकदाही अडकलं नाही. कमरेच्या होल्स्टरमध्ये घासून स्लाइडच्या, म्हणजे वरच्या सरकत्या भागाच्या, कडा पांढरट पडल्यात, पण नळी आतून नव्यासारखी आहे. पोलिसाचं पिस्तूल कमरेला जास्त असतं, झाडलं कमी जातं.

दुकानदारावर मात्र माझा राग आहे. नेम धरायच्या साइट्स अंधारात चमकणाऱ्या आहेत, असं त्याने दोनदा सांगितलं. घरी दिवे घालवून पाहिलं, तर काळोख! त्यांत ट्रिटियम हा किरणोत्सारी वायू असतो, त्याची चमक साधारण बारा वर्षांत निम्म्यावर येते, हे त्याला नक्की माहीत असणार. नव्या बसवायला ९० डॉलर गेले.

इतकं स्वस्त का, तर पोलीसच पॉइंट फॉर्टी सोडून गेले. १९८६ साली मायामीत दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले आणि नाइन एमएमच्या गोळीवर ठपका आला. जास्त दमदार गोळीच्या शोधातून १९९० साली पॉइंट फॉर्टी बाजारात आलं आणि गावोगावच्या पोलिसांनी ते उचललं. पुढे नाइन एमएमच्या गोळ्याच सुधारल्या. झाडताना हाताला बसणारा झटका कमी, मॅगझिनमध्ये १५ ऐवजी १७ गोळ्या. २०१६ मध्ये एफबीआयने पुन्हा नाइन एमएमची ग्लॉक निवडली, बाकीची खातीही वळली आणि जुना माल दुकानांत आला. गिऱ्हाइकही आता नाइन एमएमच मागतं.

पण खरा खर्च गोळ्यांचा. पन्नासच्या डब्याला मला नाइन एमएमपेक्षा सहा डॉलर जास्त पडतात. महिन्याला चार डबे म्हणजे २४ डॉलर. साइट्सचे ९० वजा जाता नव्या नाइन एमएमपेक्षा माझे १३१ डॉलर वाचले होते, ते सहाव्या महिन्यातच संपले. दोन महिन्यांतून एक डबा उडवणाऱ्याला हा सौदा उत्तम. माझ्यासारख्या नियमित जाणारीने नाइन एमएमच घ्यावं.

मी मूळची कोल्हापूरची. तिकडे नाइन एमएम सामान्य माणसाला परवान्यावरही मिळत नाही, इथे ते सगळ्यात सोपं. ग्रीन कार्डवर मला अडचण आली नाही. एच-वन-बीवर असाल तर सहसा विकत नाहीत, आधी विचारून घ्या.

लेकीला पहिल्यांदा नेलं तेव्हा हेच तिच्या हातात दिलं, ती माझी चूक. झटका तीक्ष्ण आहे, मनगट वर उडतं. तिसऱ्या गोळीपासून ती चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागली. मग रेंजवरचं भाड्याचं नाइन एमएम दिलं, तेव्हा कुठे तिचे खांदे सैल झाले. पुढच्या महिन्यात आम्ही तिच्यासाठी तेच बघायला जाणार आहोत, दुसऱ्या दुकानात.