डीबीवरची तात्पुरती झाकणे: आठ महिन्यांच्या वापरानंतर

जुळे सोलापुरातील आमच्या चार मजली इमारतीच्या कामावर जानेवारीत डीबीसाठी, म्हणजे वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युशन बोर्डाच्या पेटीसाठी, तयार तात्पुरती झाकणे घेतली, एकूण दहा नग. त्यापूर्वीची रीत अशी, की गिलावा सुरू झाला की वायरमन उघड्या डीबीवर सिमेंटची रिकामी गोणी तारेने बांधत असे. त्याच डीबीवरून कटर आणि मिक्सर चालत असल्यामुळे गोणीआडच्या बसबारमध्ये (वीज वाटणाऱ्या उघड्या धातूच्या पट्टीत) दिवसभर करंट असे. त्या मानाने हे पारदर्शक, चार स्क्रूंचे झाकण फारच बरे. एमसीबीत (जादा करंट आल्यास आपोआप बंद होणाऱ्या स्विचमध्ये) सिमेंट जाऊन खटका अडकण्याचा प्रकार पूर्ण थांबला, आणि एवढ्यावरच पैसे वसूल झाले असे मी म्हणेन.

तक्रार आहे ती प्रमाणपत्राबाबत. खोक्यावर ‘आयपी ५४’ (धूळ-पाणी अडवण्याचा दर्जा) आणि ‘प्रमाणित’ असे ठळक छापलेले होते. विक्रेत्याकडे कागद मागितला, तेव्हा हाती आला तो यूएल ९४ व्ही-० चाचणीचा अहवाल. ही चाचणी प्लास्टिकच्या उभ्या पट्टीला ज्योत लावून घेतात आणि ज्योत काढल्यावर पट्टी दहा सेकंदांच्या आत विझते का, हे पाहतात. माल पेट घेऊन जळत राहत नाही, एवढेच त्यातून कळते. तो डीबीवर बसवल्यावर धूळ आणि पाणी अडवतो की नाही, याबद्दल त्यात एक अक्षरही नसते. आयपी ५४ मधला ५ धुळीचा आणि ४ चहूबाजूंनी उडणाऱ्या पाण्याचा. तो दर्जा आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार झाकण, डब्बा आणि वायर आत येण्याची जागा अशा पूर्ण जोडणीचा तपासायचा असतो. माझ्या मते हा फरक न सांगता ‘प्रमाणित’ छापणे ही ग्राहकाची दिशाभूलच आहे.

मे महिन्यात गच्चीवरच्या दोन झाकणांचे कोपरे उन्हाने वाकले. आमच्या वायरमनने मेन बंद करून फटीत करंगळी घातली, ती सहज आत गेली. ‘साहेब, कागद पास झालाय, झाकण नापास आहे,’ एवढेच तो म्हणाला. बोट आत जाऊ नये ही तर आयपीच्या पहिल्या आकड्यातली २ ची, म्हणजे बरीच खालची पायरी आहे. आतल्या मजल्यांवरची आठ झाकणे मात्र अजून सरळ आहेत. त्यांपैकी एकाला फरशीवाल्याने कटरची वायर घेण्यासाठी खाच पाडली, तेव्हा त्याचाही दर्जा तिथेच संपला. अर्थात हा दोष झाकणाचा नव्हे.

पुढच्या कामासाठी हीच झाकणे घेईन, पण केवळ आतल्या मजल्यांसाठी आणि पूर्ण जोडणीचा चाचणी अहवाल पाहूनच. गच्चीवर आता ग्लँडसह (वायरभोवती घट्ट बसणाऱ्या बुचासह) बंद पेटी आणि मागे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) बसवली आहे. वाकलेली दोन झाकणे स्टोअरमध्ये पडून आहेत. विक्रेत्याने ती बदलून देण्याचे जूनमध्ये कबूल केले होते.