पणजोबांचं मेडल ‘सापडलंय’ असा निरोप आला, तर आधी नंबर सांगू नका

सातारा जिल्ह्यातल्या एका घरात घडलेला हा प्रकार आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला (आजच्या इराकमध्ये) गेलेल्या एका शिपायाचे हे वारस. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका माणसाने लिहिलं, “विलायतेत मराठा पलटणीची मेडलं मिळाली आहेत, मूळ मालकांचे वारस शोधतोय. तुमच्याकडे कोण होतं लढाईला?” पणतवाने हौसेने पणजोबांच्या डिस्चार्जच्या कागदाचा फोटो पाठवला. त्यावर नंबर, हुद्दा, पलटण, वडिलांचं नाव, सगळंच होतं. काही आठवड्यांनी “मेडल मिळालं” असा निरोप आला. फोटोत मेडलच्या कडेवर तोच नंबर आणि तेच नाव. 45,000 रुपये गेले. मग “पार्सल कस्टम्सला अडकलंय” म्हणून आणखी 12,500, तेही एका खासगी यूपीआय खात्यावर.

मेडल घरी पोचलं, म्हणून बरेच दिवस कुणाला शंका आली नाही. ते अस्सल ब्रिटिश वॉर मेडलच होतं: चांदीचं, एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि 1914 व 1918 ही सालं. नाव तेवढं नवं होतं. आधीच्या शिपायाचं नाव कानशीने घासून काढून तिथे यांच्या पणजोबांचं नाव घातलं होतं.

हे कसं ओळखायचं? सराफाचं दहापट भिंग घ्या आणि कड तिरप्या उजेडात धरा. त्या काळी ही नावं ठशाने ठोकलेली असत. ठोकलेल्या अक्षराचा तळ सपाट दिसतो, कडेचा धातू किंचित उचललेला असतो आणि एखादं अक्षर वरखाली बसलेलं असतं. मशीनने कोरलेलं अक्षर बारीक चरासारखं दिसतं आणि जास्तच एकसारखं असतं. मग व्हर्नियर कॅलिपर लावा. मेडलचा व्यास 36 मिमी. नाव असलेल्या भागातून आणि नसलेल्या भागातून, तीन-चार दिशांनी मोजा. घासलेल्या जागी माप काही दशांश मिलिमीटरने कमी भरतं आणि तिथली धार गोलसर होते. या मेडलवर दोन्ही खुणा होत्या. रिबिनीवरून मात्र निकाल लावू नका. खऱ्या मेडलची रिबीनही घरच्यांनी कधी ना कधी बदललेली असते.

तिसरी खूण पलटणीच्या नावात होती. युद्धाच्या वेळी 103, 105, 110, 114, 116, 117 अशा क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. 1922 मध्ये सैन्याची फेररचना झाली आणि त्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बटालियन झाल्या. 117 वी तिची पाचवी बटालियन झाली. पणजोबा 1922 नंतर निवृत्त झाले, म्हणून त्यांच्या डिस्चार्जवर नवं नाव होतं, आणि ठगाने तेच उचललं. महायुद्धाच्या मेडलवर सहसा युद्धकाळातली पलटण असते. त्यातही त्याने स्पेलिंग आजचं वापरलं. त्या काळी इंग्रजीत पहिल्या ‘ए’नंतर ‘एच’ आणि पुढे जोड ‘टी’ लिहीत.

सोबत ‘पुरावा’ म्हणून दोन कागद आले होते. एक कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचं, म्हणजे महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट. ते त्यांच्या संकेतस्थळावरून कुणालाही फुकट छापता येतं, आणि तिथे नोंद फक्त मृतांची असते. हे पणजोबा तर लढाईहून परत येऊन पेन्शन खाल्लेले! कागद त्याच नावाच्या दुसऱ्याच शिपायाचा होता. गणपत शिंदे, रामा जाधव अशी नावं प्रत्येक पलटणीत होती आणि शिपायांचे नंबरही पलटणीगणिक वेगळे सुरू होत, त्यामुळे तोच नंबर दुसऱ्या पलटणीतही सापडतो. नंबर, नाव आणि पलटण ही तिन्ही जुळली तरच माणूस तोच मानायचा. दुसरा कागद ‘सैनिक रजिस्टरचा उतारा’ म्हणून दिलेला. 2021 मध्ये खुली झालेली सुमारे 3,20,000 सैनिकांची रजिस्टरं पंजाबची आहेत, सातारा-रत्नागिरीची नव्हेत. असा ‘उतारा’ कुणी दाखवला तर तिथेच थांबा.

दुसऱ्या महायुद्धाच्या मेडलांत वेगळी मेख आहे. ब्रिटिश सैनिकांना दिलेले स्टार, म्हणजे ताऱ्याच्या आकाराची मेडलं, बिननावाचेच निघाले. भारतीयांना दिलेल्या अनेकांवर मात्र नाव आढळतं. कोरा स्टार दाखवून “हा तुमच्या आजोबांचाच” असं कुणी म्हणत असेल, तर तो नुसती गोष्ट विकतोय.

मेडल ज्याच्या हातात आहे, त्याच्याकडे नाव असतंच. म्हणून आधी त्याला कडेवरचा पूर्ण मजकूर वाचायला सांगा आणि झाकपाक न केलेला, कडेचा चारही बाजूंचा फोटो मागा. डिस्चार्ज, पेन्शन बुक, जुना फोटो यातलं काहीही त्याआधी पाठवू नका, ग्रुपवर तर नाहीच. खरा शोधणारा यावर रागावत नाही. साध्या शिपायाच्या एकट्या मेडलला संग्राहकांतही फार मोठी किंमत येत नाही, हेही ध्यानात असू द्या. पलटणीची माहिती पडताळायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरकडे लेखी विचारता येतं.

पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी तक्रार पोचली तर ते गोठवता येतात. चॅट पुसू नका. यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि पार्सलवरचा कागद जपून ठेवा.

आणि ते मेडल मोडीत घालू नका, पॉलिश तर अजिबात नको. घासताना खोल ठशांचे काही तळ राहून जातात. या मेडलवर नव्या नावाच्या डावीकडे जुन्या नंबरचे दोन आकडे भिंगाखाली अजून लागतात. कड थोडी थोडी फिरवत, उजेड एकाच बाजूने ठेवून फोटो काढा. ज्या शिपायाचं नाव पुसलं गेलं, त्याचंही घर कुठेतरी असेल, आणि त्याच्या शोधाला एवढीच सुरुवात हाताशी आहे.