मुठीचे स्पंज घ्या, अख्खा डबा नको

नागपूरच्या बर्डी बाजारातून नातवासाठी स्पंज पेंटिंगचा डबा आणला, अडीचशे रुपयांचा. आत लाकडी मुठीचे गोल स्पंज, चांदणी-मासा-पान असे कापलेले स्पंज, रंगाच्या बाटल्या आणि कागदांचं पॅड. नातू साडेतीन वर्षांचा, जोडीला शेजारची थोडी मोठी पोट्टी. मुठीचे स्पंज पैसा वसूल, बाकी सगळी भरती.

या वयात बरीच मुलं वस्तू अख्ख्या पंजात धरतात. ब्रशला लागते तशी बोटांची पकड अजून पक्की बसलेली नसते, म्हणून ब्रश कागदावर खरडतात आणि त्याचे केस फिसकटतात. मुठीचा स्पंज आपटला की ठसा उमटतो, लगेच. नातू तेवढ्यावर अर्धा तास एका जागी बसला, आमच्या घरात हे नवलच!

चांदणी आणि मासा मात्र कागदावर सारखेच. स्पंज मऊ, जाड. पोरगं अंगाचा भार टाकतं, टोकं दबतात आणि उमटतो गोळा. नातवाने माशाला 'पोळी' म्हटलं, त्यात त्याचं काय चुकलं? त्यापेक्षा भांडी घासायचा नवा स्पंज हाताने ओबडधोबड फाडून दिला, तर झाडाचा डेरेदार शेंडा झकास येतो. त्याच्या हिरव्या खरखरीत बाजूने गवत.

डब्यावरच्या चित्रात मुलं वाटीतल्या रंगात स्पंज बुचकळतात. तसं केलंत तर स्पंज अर्धी बाटली पिणार आणि ओघळ कोपरापर्यंत येणार. आधी स्पंज ओला करून घट्ट पिळा. मग स्टीलच्या ताटात ओलं फडकं घडी करून ठेवा, त्यावर चमचाभर रंग पसरा आणि शिक्क्याच्या पॅडवर टेकवावा तसा स्पंज टेकवू द्या. ठशात स्पंजची भोकंसुद्धा दिसतात. मेच्या उन्हात ताटातला रंग बघता बघता वाळतो; कूलरसमोर बसवावं तर कागद उडतात. कागदाच्या कडांवर वाट्या ठेवून निभावलं.

पॅडचा कागद पातळ, ओला झाला की गुंडाळतो. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी त्याहून कितीतरी बऱ्या, आणि लग्नसराईत त्यांना काय तोटा! रंग 'वॉशेबल' लिहिलेत, पण लाल रंगाचा गुलाबी डाग बनियनवर अजून आहे.

एक गोष्ट खटकली. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. या डब्यावर नुसतं 'नॉन टॉक्सिक' छापलंय, चिन्ह कुठे दिसलं नाही. शिवाय स्पंजचे तुकडे दातांनी सहज तुटतात. तीन वर्षांखालचं लेकरू असेल तर देऊच नका, आणि त्याहून मोठ्या मुलांजवळही बसून राहा. दुकानात मुठीचे स्पंज सुटे विचारा, मिळाले तर तेवढेच घ्या.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाला, बैलावर याच स्पंजांनी ठिपके द्यायचा बेत आहे. त्याला बाटलीतले रंग चालणार नाहीत, पावसाचे चार थेंब पडले की हाताला लागतील. ॲक्रिलिक घ्या, जुना शर्ट घालून बसवा आणि स्पंज ताबडतोब धुवा. ॲक्रिलिक आत वाळलं की तो स्पंज दगड होतो.