मॉडेल कारच्या बॉडीला हार्डवेअर दुकानातला वॉटर पेपर: चालतो, पण नंबर बघून घ्या

तालुक्याला डेंटिंग-पेंटिंगवाल्यांना माल पुरवणाऱ्या दुकानात वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून घासायचा सँडपेपर, मागितला की पहिला प्रश्न येतो, "गाडीले पायजे का फर्निचरले?" गाडी १/२४ ची, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याची मॉडेल असली तरी उत्तर "गाडीले" हेच. फर्निचरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजला की लगदा होतो. गाडीचा काळा कागद सिलिकॉन कार्बाइडचा, ओलाच वापरायचा. साधारण २३ × २८ सेंटिमीटरच्या एका शीटमध्ये दोन-तीन बॉड्या आरामात होतात. सँडिंग स्पंजच्या कुरियरची वाट बघायची गरज नाही.

घ्यायचे ते ६००, १००० आणि १५०० नंबरचे. नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक. दुकानदार ४०० पुढे करतो. खऱ्या पत्र्याला तो ठीक, पण मॉडेलच्या पॉलिस्टायरीन प्लास्टिकवर त्याचे ओरखडे अस्तराच्या (प्रायमरच्या) दोन हातांनीही बुजत नाहीत, आणि मेटॅलिक रंगाखाली तर हमखास उठतात. मागे नंबराआधी 'पी' छापलाय का तेही बघा. जुन्या अमेरिकन मापाचा नुसता ६०० जवळपास पी-१२०० इतका बारीक असतो. तो घेतलात तर साच्याची शिवण (साच्याच्या जोडावर प्लास्टिकवर उठलेली रेघ) घासता घासता हात दुखतील.

कोपरा दुमडून बघा. हलक्या प्रतीचा कागद घडीवर तडकतो आणि दाणे सोडतो. असा एक सुटा दाणा बॉनेटवर लांबलचक रेघ ओढायला पुरतो. म्हणून कागद आधी नळाखाली धुवायचा, मग दहा-पंधरा मिनिटं पाण्यात ठेवायचा, पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब.

सपाट भागाला २ × ५ सेंटिमीटरचा तुकडा खोडरबरावर गुंडाळून घ्या. नुसत्या बोटाने दाबलं की बोटाच्या रुंदीची खाच पडते. ६०० फिरवल्यावर बॉडी उजेडात तिरकी धरा. सगळीकडे मळकट आणि मधेच एखादा ठिपका चकाकत असेल, तर कागद तिथे पोचलेला नाही, म्हणजे तो खळगा आहे. पेंटरची एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी, म्हणजे खळगे भरायची लांबी, तिथे अगदी पातळ भरा. जाड थापली तर तिच्यातलं थिनर प्लास्टिक मऊ करतं आणि आठवड्याने तिथेच पुन्हा खळगा दिसतो. एक रात्र तरी वाळू द्या.

धारेवर हात हलका. चाकावरच्या कमानीची कड दोन-चार फेऱ्यांत गोल होते, ती परत येत नाही. कडेला टेप लावून ठेवणं सोपं. दारांच्या रेषा घासण्याआधीच सुईने थोड्या खोल करा, शेवटी टूथब्रशने त्यांतला चिखल काढा. शेवटची धुणी फिल्टरच्या पाण्याने. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग वाळल्यावर राहतात.

अस्तराचा स्प्रे मेच्या दुपारी मारू नका. ४५ अंशांत रंग हवेतच अर्धा वाळतो आणि बॉडीवर रवा पडल्यासारखा बसतो. पहाटे मारा, पण कुलर बंद करून. रवा पडलाच तर १००० ने हलकं घासून दुसरा हात द्या, आणि रंगाआधी १५०० ची एकच फेरी.

४०० चा कागद गळ्यात पडलाच, तर चेसिसवरच्या स्प्रूच्या (सुटे भाग धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या काड्यांच्या) उरलेल्या गाठी उतरवायला ठेवा.