ऑफिससाठी घेतलेला कॅरम, आठ महिन्यांनंतर

आम्ही दिवसभर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये डोकं घालून बसणारी नऊ माणसं. फेब्रुवारीत वर्गणी काढून ऑफिससाठी कॅरम घेतला. स्पर्धेला लागतो तसा, आतून 74 सेंटिमीटर चौरस. स्ट्रायकर 15 ग्रॅमचा.

प्लाय उत्तम. कडेवर आपटून स्ट्रायकर असा परततो की रिबाउंड मारायला मजा येते. पावसाळा गेला, तरी कुठे बाक आला नाही. सोबतच्या सोंगट्या मात्र बेताच्या. महिन्याभरात कडा उडाल्या, नव्या घ्याव्या लागल्या. बोरिक पावडर चिमूटभरच टाका, नाहीतर कीबोर्डवर पांढरी बोटं उमटतात.

आमच्याकडे आर्टिकलशिपला, म्हणजे सीए होण्याआधीच्या कामाच्या प्रशिक्षणाला आलेली मुलगी दोन महिने कुणाशी बोलत नव्हती. शंका आली तरी विचारायची नाही, चुकीची एंट्री तशीच पुढे जायची. एका दुपारी डबे आटोपल्यावर तिला बसवलं. तिनं राणी घेतली, आणि पुढच्याच फटक्यात कव्हरही, म्हणजे राणी पक्की करणारी सोंगटी! आमचे सर उठून टाळ्या वाजवायला लागले. त्याच संध्याकाळी ती जीएसटीचा प्रश्न घेऊन थेट त्यांच्या केबिनमध्ये गेली. मला तेव्हा इतकं बरं वाटलं!

घेणार असाल तर जरूर घ्या, पण खेळायची सक्ती कुणावर नको. माझ्या आधीच्या नोकरीत शुक्रवारच्या खेळांना हजेरी लागायची आणि सगळे घड्याळाकडे बघत बसायचे. इथे दोन वाजले की कुणीतरी पावडरचा डबा वाजवतं, अन् खुर्च्या आपोआप सरकतात.