लोकेटर आठ महिने वापरल्यावर: स्क्रीनवरचं ‘ओके’ आणि टेपचं माप

एचडीडी ड्रिलिंगच्या (वरून न खणता जमिनीखालून आडवं भोक पाडण्याच्या) कामावर हा लोकेटर, म्हणजे ड्रिलचं हेड जमिनीखाली कुठे आणि किती खोल आहे ते सिग्नलवरून दाखवणारं यंत्र, आठ महिने माझ्या हातात आहे. वजनाला हलका, बॅटरी दिवसभर पुरते, कडक उन्हात स्क्रीन वाचताना मात्र डोळे बारीक करावे लागतात. बोलण्यासारखं खरं आहे ते कॅलिब्रेशनबद्दल, म्हणजे मोजलेल्या अंतरावरचा सिग्नल दाखवून यंत्राला माप शिकवण्याबद्दल.

पहिल्याच महिन्यात घोळ घातला. घाईत सोंड (हेडमध्ये बसणारा, सिग्नल सोडणारा ट्रान्समीटर) हाउसिंगमध्ये (त्याच्या पोलादी कवचात) न बसवता तसाच ३ मीटरवर ठेवून कॅलिब्रेट केला. स्क्रीनवर ‘ओके’ आलं. पुढे एका ठिकाणी खड्डा घेऊन हेड उघडं केलं, तर स्क्रीनवर १.९ मीटर आणि टेपवर १.५! हाउसिंगचं पोलाद सिग्नल खातं, आणि सिग्नल कमी म्हणजे अंतर जास्त एवढंच यंत्राला कळतं. अंतर दुप्पट झालं की सिग्नल आठव्या हिश्शावर येतो, म्हणून सिग्नल निम्मा झाला तरी खोली साधारण २६ टक्के जास्त दिसते. हेड वर आणि आपण निर्धास्त. तिथे केबल नव्हती म्हणून निभावलं.

आता सोंड हाउसिंगमध्ये बसवून, लोकेटर त्याला समांतर ठेवून ३ मीटर टेपनेच मोजतो, पावलांनी नाही. मग दीड आणि साडेचार मीटरवर खोली जुळते का बघतो. नाही जुळली तर आधी आजूबाजूला नजर: रिग (ड्रिलिंगचं मशीन), लोखंडी प्लेट, जाळीचं कुंपण, काँक्रीटखालची सळई.

बोअर सुरू करण्याआधी सोंड बंद ठेवून सगळा मार्ग चालतो. तेव्हा जो सिग्नल दिसतो तो सगळा बाहेरचा: वीजवाहिन्या, ट्रॅफिक सिग्नलचे लूप (रस्त्यात पुरलेले तारांचे वेढे), पाइपलाइनचं कॅथोडिक प्रोटेक्शन (गंज रोखायला दिलेला वीजप्रवाह). सळई मात्र या फेरीत गप्प बसते, कारण ती स्वतः काही सोडत नाही, सोंडचाच सिग्नल बिघडवते. म्हणून दुसऱ्या फेरीत मदतनीस चालू सोंड घेऊन बाजूने, बोअरच्या कमाल खोलीइतकं अंतर राखून चालतो. आकडे उड्या मारू लागले की फ्रिक्वेन्सी बदलायची, आणि बदलली की पुन्हा कॅलिब्रेशन. कंटाळवाणं आहे, पण रॉड आत गेल्यावर हे करता येत नाही.

३ मीटरवरचा सिग्नल रोज वहीत लिहितो. गेल्या आठवड्यात तो घसरला. नवे सेल टाकूनही वर येईना, तेव्हा सोंड तपासायला पाठवला.